पुस्तक उघडे राहावे म्हणून

दिवाळीचा फराळ आणि दिवाळी अंक यांचे साहचर्य आपल्या घरांत इतके जुने आहे की, ह्या घटकेला निम्म्या वाचकांच्या उजव्या हातात चकली आणि डाव्या हातात हा अंक असेल, असे मानावयास हरकत नाही. डावा अंगठा दोन पानांच्या मधोमध रोवलेला, करंगळी खालून आधाराला. आणि पान उलटावयाची वेळ आली की मोठीच पंचाईत! चकलीचा हात पानाला लावावा तर तेलाचा डाग, न लावावा तर गोष्ट अर्धवट. मग कोणी अंक गुडघ्याखाली दाबतो, कोणी त्यावर चष्म्याचे घर ठेवतो, कोणी पाण्याचे भांडे ठेवून कथेच्या ऐन मध्यावर गोल ठसा उमटवतो, तर कोणी सरळ चिवड्याचा डबाच उचलून आणतो. अलीकडे हे काम बहुधा मोबाईलवर सोपवले जाते. चार ओळी वाचून होतात न होतात तोच तो थरथरू लागतो, पानावरून घसरतो, आणि अंक फट्‌कन मिटतो.

उघडलेले पुस्तक उघडे कसे राहावे, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक आहे. त्यावर लेख लिहावा असे त्यात काय आहे, असे कोणी विचारील. परंतु वीस वर्षे महाविद्यालयात मराठी शिकवत असताना ‘वाचन का कमी झाले?’ ह्या विषयावरचे किती परिसंवाद मी ऐकले असतील त्याची गणती नाही. त्यांत शिक्षणपद्धतीला दोष दिला गेला, दूरदर्शनला दिला गेला, मोबाईलला तर दिला गेलाच. पण वाचणाऱ्याच्या हातांविषयी कोणी अवाक्षर काढल्याचे मला आठवत नाही. वाचावयास डोळे लागतात, सवड लागते, पदरी चार पैसे लागतात, हे सर्वांना मान्य आहे. हातही लागतात, ही गोष्ट मात्र आपले हात धड आणि मोकळे आहेत तोवर ध्यानात येत नाही. आज मला लिहावयाचे आहे ते ह्या हातांविषयी, आणि त्यांना थोडी मोकळीक देणाऱ्या एका साध्या वस्तूविषयी: पुस्तकावर ठेवावयाच्या वजनाविषयी.

पोथीला हा त्रास नव्हता

माझी आजी चातुर्मासात रोज दुपारी पोथी वाचीत असे. समोर लाकडी ठवणी. कात्रीसारखी उघडणारी ही घडीची चौकट पुष्कळांनी पाहिली असेल. कोणी तिला रेहल म्हणतात, कोणी पोथीचा घोडा म्हणतात. लाल फडक्याची गाठ सोडून आजी पोथी ठवणीवर ठेवी, आणि मग तिचे हात पोथीला क्वचितच लागत. ओवीमागून ओवी तोंडाने चाललेली असे आणि हात मांडीवरच्या कापसातून वाती वळीत असत. पान संपले की ते उचलून पलीकडे पालथे घालावयाचे, की पुन्हा वाती सुरू. अध्याय संपे तेव्हा पुण्य पदरी पडे आणि देवघरातल्या आठवड्याच्या वातीही तयार होत.

ह्याचे कारण पोथीच्या घडणीत आहे. पोथी म्हणजे सुट्या, आडव्या पानांची चळत. तिला पाठ नाही, शिवण नाही. म्हणून तिला मिटण्याची ओढही नाही. ताडपत्राच्या काळात पानांना भोक पाडून त्यातून दोरी ओवीत. ‘ग्रंथ’ हा शब्द ज्या धातूपासून आला त्याचा अर्थच मुळी ओवणे, गुंफणे, गाठ मारणे असा आहे. परंतु ती दोरी वाचताना सैल करता येई. पुढे कागद आला, दोरी गेली, आणि वर एक खाली एक अशा दोन पाट्या व भोवती फडके एवढाच काय तो बंदोबस्त उरला. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेसारख्या, १९१७ साली स्थापन झालेल्या आणि हस्तलिखिते सांभाळणाऱ्या ठिकाणी अशा पोथ्या आजही पाहावयास मिळतात. त्यांतले पान पुढ्यात ठेवले की ते गरीब गाईसारखे पडून राहते.

जुने लेखनिक पोथी लिहून झाली की शेवटी वाचणाऱ्याला विनवणी करीत: मान, पाठ आणि कंबर मोडून मी हे लिहिले आहे, तरी तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून हिला सांभाळा. ह्या तीन शत्रूंतला तिसरा मला नेहमी गमतीचा वाटतो. त्यांना भय होते ते बांधणी सैल असण्याचे. आपली तक्रार नेमकी उलट आहे. आपली पुस्तके इतकी आवळून बांधलेली असतात की ती उघडायलाच राजी नसतात.

छापखाने आले तरी पोथीने आपले रूप एकदम टाकले नाही. मुंबईच्या वेंकटेश्वर छापखान्यातून निघालेली पुराणे सुट्या पानांच्या पोथीरूपातच छापलेली आहेत. छापणाऱ्यांनी यंत्र नवे घेतले, पण बैठक मारून, हात मोकळे ठेवून वाचणारा वाचक जुनाच आहे, ह्याचे भान त्यांनी राखले, असे मला वाटते.

पोथीला शत्रू होता तो एकच: वारा. आजीच्या घरी छताला पंखा बसला आणि पाने उडू लागली. तेव्हा तिने अडगळीतून एक लोखंडी नवटाक शोधून काढले. आजोबांचे किराणा दुकान होते. १९५८ च्या ऑक्टोबरपासून आपल्या देशात किलो-ग्रॅमची नवी वजने टप्प्याटप्प्याने सुरू झाली आणि १९६२ पर्यंत शेर, अच्छेर, पावशेर व नवटाक ही मंडळी व्यवहारातून निवृत्त झाली. दुकानाच्या फळीवरून उतरलेले ते नवटाक आजीने पोथीच्या वाचून झालेल्या पानांवर ठेवले, आणि ते पुढे तिच्या हयातभर त्याच नोकरीत राहिले.

दोरा आणि गोंद

आता बांधीव पुस्तकाकडे वळू. ते मिटते का, हे मला नीट समजावून सांगितले ते पुण्यात अप्पा बळवंत चौकाजवळ एका गल्लीत बसणाऱ्या एका बाइंडरने. पुस्तकांच्या दुकानांनी गजबजलेल्या त्या भागात पाठीमागच्या बोळांतून अशी कसबी माणसे अजून आहेत.

छापखान्यातून कागद निघतो तो मोठा. त्याच्या दोन्ही बाजूंना मिळून सोळा पाने छापलेली असतात. त्याच्या घड्या घातल्या की एक फर्मा होतो. असे दहा-वीस फर्मे एकावर एक ठेवून, प्रत्येकाच्या घडीतून दोरा ओवून ते एकमेकांना जोडले की झाली जुजबंदी. ह्या बांधणीत प्रत्येक फर्मा आपल्या घडीवर बिजागरीसारखा फिरू शकतो. म्हणून जुजबंदी केलेले पुस्तक, थोडे हाताळून झाले की, टेबलावर शांत पडून राहते. जुन्या शब्दकोशांचे जाडजूड खंड कुठेही उघडा. ते मिटत नाहीत.

परंतु दोरा ओवायला वेळ लागतो आणि वेळेला पैसे पडतात. म्हणून दुसरी रीत आली. फर्म्यांच्या घड्या सरळ कापून टाकावयाच्या, सुट्या झालेल्या पानांच्या कडेला गरम गोंद फासावयाचा आणि वरून कव्हर चिकटवावयाचे. आज आपण विकत घेतो त्या कागदी कव्हराच्या पुस्तकांपैकी बहुतेक अशीच बांधलेली असतात. ही पुस्तके स्वस्त पडतात, हा त्यांचा मोठा गुण आहे. त्यामुळेच ती आपल्या घरांत येऊ शकतात. मात्र पाठीवरचा गोंद वाळून कडक होतो आणि उघडलेल्या पानांना पुन्हा जागेवर खेचू लागतो.

“मॅडम, दोरा सैल होतो, गोंद सैल होत नाही,” तो बाइंडर म्हणाला. “गोंद एक तर धरतो, नाही तर तुटतो.”

तिसराही एक प्रकार आहे. वाचनालयातली फाटकी पुस्तके पुन्हा बांधताना पुष्कळदा पाठीजवळ आरपार टोचे मारून आडवी शिवण घालतात. पुस्तक मजबूत होते खरे, पण प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द त्या घळीत जाऊन बसतो, आणि पुस्तक दोन्ही हातांनी फाकवल्यावाचून वाचता येत नाही. जाड दिवाळी अंकांना बाजूने तारेच्या पिना मारलेल्या असल्या की हाच अनुभव येतो.

ह्यात कागदाचाही वाटा असतो. वर्तमानपत्र एका दिशेने फाडले की सरळ पट्टी निघते, दुसऱ्या दिशेने फाडले की वाकडेतिकडे फाटते, हे सर्वांनी पाहिले आहे. यंत्रावर कागद तयार होताना त्याचे बहुतेक तंतू एका दिशेला लोळतात, त्याचा हा परिणाम. पुस्तकात हे तंतू पाठीला समांतर असले तर पान सहज वाकते आणि खाली पडून राहते. ते आडवे असले तर प्रत्येक पान सुपासारखे ताठ उभे राहते. काही पुस्तके नव्याची जुनी झाली तरी वळत नाहीत, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असते.

सारांश, पुस्तक मिटते तो आपल्या अंगठ्याचा दुबळेपणा नव्हे. दोरा वाचवून जे पैसे वाचतात, त्यांची थोडी भरपाई प्रत्येक वाचक आपल्या हाताने करीत असतो, इतकेच.

हात कोणाचे मोकळे असतात?

ही भरपाई सर्वांना सारखी जड जात नाही. आरामखुर्चीत बसून वाचणाऱ्या धट्ट्याकट्ट्या माणसाला ती जाणवतही नाही. परंतु आपल्या घरातल्या वाचणाऱ्यांची यादी एकदा करून पाहा. परीक्षेसाठी वाचनालयाच्या पुस्तकातून टिपणे काढणारी मुलगी: तिचे डोळे पुस्तकात, उजवा हात वहीत आणि डावे कोपर पुस्तकावर. अर्ध्या तासात तिचा खांदा भरून येतो. पेटीवर नवे पद बसवणारा मुलगा: एक हात भात्यावर, एक पट्ट्यांवर, आणि समोरची स्वरलिपी ऐन अंतऱ्यात मिटलेली. तान्ह्या बाळाला मांडीवर घेऊन बसलेली आई. मटार सोलता सोलता कादंबरीचे एखादे प्रकरण उरकू पाहणारी गृहिणी. कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ १९७० साली निघाले, तेव्हापासून किती स्वयंपाकघरांत त्यावर लाटणे, पळी नाही तर मिसळणाचा डबा ठेवला गेला असेल, ते त्या प्रतींवरच्या हळदीच्या बोटांनाच ठाऊक!

दुपारचे काम करता करता वाचणे ही आपल्या बायकांची जुनी रीत आहे. आजीच्या वाती हा तिचाच एक नमुना. पुष्कळ स्त्रियांना वाचायला वेगळा वेळ मिळत नाही; मिळतो तो दुसऱ्या कामाच्या पोटातला वेळ. पोथीने तो वेळ वापरू दिला, मिटणारे पुस्तक तो वापरू देत नाही. मग हातात मोबाईल येतो, आणि आपण म्हणतो, बायकांचे वाचन सुटले.

म्हातारपणी तर हा प्रश्न अधिकच अवघड होतो. संधिवाताने बोटे आखडलेल्या माणसाला दोनशे पानांचे पुस्तक दहा मिनिटे फाकवून धरणे ही शिक्षा असते. पण हे तो सांगत नाही. “आता वाचावंसं वाटत नाही,” एवढेच सांगतो.

शेजारचे काका

हे मी ऐकीव लिहीत नाही. आमच्या शेजारी एक निवृत्त बँक अधिकारी राहतात. मराठ्यांचा इतिहास हा त्यांचा जन्माचा छंद. रियासतकार सरदेसायांच्या ‘मराठी रियासती’चे खंड त्यांच्या कपाटात ओळीने लावलेले आहेत, समासात पेन्सिलीने केलेल्या बारीक टिपा, नावांखाली रेघा, कुठे प्रश्नचिन्ह. तीन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. वाचा परत आली, डावे अंग शाबूत राहिले, पण उजवा हात म्हणावा तसा उठेना.

“ह्यांचं वाचन सुटलंच बघ,” काकू एके दिवशी म्हणाल्या. “मुलानं तो मोठ्या पाटीसारखा टॅबलेट आणून दिलाय, अक्षर हवं तेवढं मोठं होतं. पण ह्यांचं मन लागत नाही. नुसतं पुस्तक मांडीवर घेऊन बसतात, मिटलेलं.”

मी काकांच्या शेजारी जाऊन बसले. पुस्तक मिटलेले होते, पण त्यांचा डावा अंगठा आत कुठल्याशा पानावर होता. मी म्हटले, “काका, वाचून दाखवू का?”

“तू वाचशील गं,” ते म्हणाले, “पण मला मागं जाऊन बघायचं असतं. मीच कुठं काय लिहून ठेवलंय ते.”

मग त्यांनी टेबलावर पुस्तक उघडून दाखवले. खंड जुना होता, मागे कधी तरी टोचे मारून पुन्हा बांधलेला. डाव्या हाताने दाबून धरला की पान दिसे. परंतु पान उलटायचे तर तोच हात उचलावा लागे, आणि हात उचलला की पुस्तक मिटे. पुन्हा उघडावे, पान शोधावे, दाबावे, दोन पाने वाचावीत, की पुन्हा तेच. एका पानासाठी एवढा खटाटोप कोण आणि किती दिवस करील?

त्यांचे मन उडाले नव्हते. त्यांना एक हात कमी पडत होता.

त्या रात्री मला आजीचे नवटाक आठवले. शिवाय परदेशातल्या मोठ्या ग्रंथालयांविषयी वाचलेलेही आठवले. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत जुनी हस्तलिखिते वाचायला देताना फोमच्या उतरत्या उशांवर ठेवतात आणि पाने दाबायला कापडात शिवलेल्या बारीक गोळ्यांची लांबट माळ देतात. तिच्या आकारावरून तिकडे तिला चक्क ‘साप’ म्हणतात. चामड्याच्या अरुंद पट्टीच्या दोन्ही टोकांना वजन शिवलेल्या वाचनखुणाही मिळतात. पट्टी पानांवर आडवी टाकली की डावे टोक डावे पान धरते, उजवे टोक उजवे.

पण काकांना ह्यातले काहीच जसेच्या तसे चालण्याजोगे नव्हते. दोन्ही पानांवर पसरणारी एकच पट्टी उचलली की पुस्तक मोकळे सुटते, आणि एका हाताच्या माणसाची अडचण तिथेच आहे. म्हणून मी दोन सुट्या पिशव्या शिवल्या, एक डाव्या पानासाठी, एक उजव्या. आठ-दहा दिवस आम्ही दोघांनी मिळून त्यांचा सराव केला, तेव्हा रीत सापडली. उजवी पिशवी पानाच्या वरच्या कोपऱ्यावर थोडीशीच टेकवायची. वाचून झाले की डाव्या हाताने ते पान खालच्या कोपऱ्यातून धरून पिशवीखालून हळूच ओढून काढायचे. पिशवी आपोआप पुढच्या पानावर बसते. काढलेले पान उलटून डाव्या पिशवीवरच टाकायचे. मग डावी पिशवी त्याच्याखालून बाहेर काढून वर ठेवायची. ह्या क्रमात पुस्तक एक क्षणही सुटे राहत नाही, आणि दुसऱ्या हाताची गरजही लागत नाही.

पहिल्या दिवशी काकांनी चार पाने वाचली. महिन्याभराने काकूंनी सांगितले की ते दिवे मालवू देत नाहीत. आणखी काही दिवसांनी त्यांनी पेन्सिल मागून घेतली. डाव्या हाताने, पहिलीच्या मुलासारखी मोठी आणि वाकडी अक्षरे काढीत ते पुन्हा समासात लिहू लागले.

नवटाकाची जोडी

अशी जोडी कोणालाही तासाभरात करता येईल, म्हणून कृती देते.

मांजरपाटाचे किंवा जुन्या सुती परकराचे घट्ट विणीचे कापड घ्यावे. शिवून उलटल्यावर २० सेंटिमीटर लांब व ४ सेंटिमीटर रुंद अशी नळी होईल अशा बेताने कापावे. आत घालायला बारीक वाळू उत्तम. ती दोन-तीन पाण्यांनी धुऊन, कडकडीत उन्हात वाळवून, पिठाच्या चाळणीने चाळून घ्यावी. नळी दोन तृतीयांशच भरावी. अशी पिशवी साधारण शंभर-सव्वाशे ग्रॅमची होते, म्हणजे जवळजवळ जुने नवटाक. ठासून भरली तर ती लाटण्यासारखी घरंगळते. सैल भरली तर पानावर अंग टाकून पडते. वाळूचा एक कणही बाहेर येता कामा नये, कारण तो कागदाला घासतो. म्हणून पिशवीवर त्याच मापाची, किंचित मोठी, दुसरी पिशवी चढवावी. ही वरची पिशवी गडद रंगाच्या मऊ कापडाची असावी. धुवायलाही काढता येते.

तांदूळ किंवा डाळ भरू नये. पोरकिडे होतात, आणि ते पुढे पुस्तकांच्या कपाटात बिऱ्हाड करतात. शिशाच्या गोळ्या जड असतात, पण शिसे विषारी आहे. ज्या घरात लहान मुले आहेत, तिथे ते नकोच. सायकलच्या दुकानात मिळणारे पोलादी छर्रे चालतात. वजन तेवढेच ठेवून पिशवी लहान करता येते.

ज्यांचे दोन्ही हात चांगले आहेत त्यांनी दोन पिशव्या वीतभर रेशमी फितीने जोडाव्यात. फीत मधल्या घळीत बसते. वाचन थांबवताना पिशव्या बाहेर लोंबत्या ठेवून पुस्तक मिटले की तीच फीत खूण म्हणून कामी येते.

कुठे ठेवावे, कुठे ठेवू नये

वजन कुठे ठेवावे ह्याचेही एक शास्त्र आहे. दार ढकलताना आपण बिजागरीजवळ हात लावीत नाही, कडेला लावतो. थोड्या जोरात काम होते. पुस्तकाची पाठ ही बिजागरीच. तेव्हा वजन पाठीपासून दूर, पानाच्या बाहेरच्या कडेकडे ठेवावे. तिथे शंभर ग्रॅमने जे होते त्यासाठी मध्ये पाव किलोही पुरत नाही.

पुस्तकाच्या आरंभी आणि अखेरीस अडचण अधिक येते, कारण एका बाजूला दहा पाने आणि दुसऱ्या बाजूला तीनशे. अशा वेळी अधिक वजन लादू नये. पातळ बाजूखाली पंचाची घडी घालून दोन्ही बाजू एका पातळीत आणाव्यात, आणि वाचन पुढे सरकेल तशी घडी कमी करीत जावी. ग्रंथालयातल्या फोमच्या उशा हेच काम करतात.

नवे पुस्तक घरी आले की ते मधोमध उघडून तळहाताने कडकन दाबणे, हा आपल्याकडचा सार्वत्रिक अत्याचार आहे. तो करू नये. पुस्तकाची पाठ टेबलावर टेकवावी, आधी पुढचे पुठ्ठे उघडावे, मग मागचे. नंतर सुरुवातीची थोडी पाने, शेवटची थोडी पाने, असे दोन्हीकडून हलक्या हाताने दाबत मध्यापर्यंत यावे. ह्याने गोंद सगळीकडून सारखा वळतो, एके ठिकाणी तुटत नाही.

एवढे करूनही पुस्तक उघडत नसेल तर त्याच्याशी झोंबू नये. विशेषतः जुन्या, तपकिरी पडलेल्या, हात लावताच तुकडे पडणाऱ्या कागदावर कोणतेच वजन ठेवू नये. असे पुस्तक अर्धेच उघडावे आणि दोन्ही बाजूंना दोन उशा देऊन वाचावे.

दोन शब्द प्रकाशकांसाठी, कारण दिवाळी अंक तेही वाचतात. स्वस्त पुस्तके निघालीच पाहिजेत, आणि ती गोंदाने बांधावी लागतात हे वाचकाला समजते. परंतु जी पुस्तके टेबलावर ठेवूनच वापरली जातात, म्हणजे शब्दकोश, पाककृती, स्वरलिपी, परीक्षेचे ग्रंथ, निदान तेवढ्यांना तरी दोरा द्यावा, आणि समासात आतल्या बाजूला बोटभर जागा अधिक सोडावी. म्हाताऱ्या वाचकांचे आशीर्वाद जाहिरातीत छापता येत नसले तरी ते लाभतात.

भाऊबीज दोन दिवसांवर आली आहे. ओवाळणीच्या बदल्यात भावाला काय द्यावे, किंवा आईला, सासऱ्यांना, निवृत्त मास्तरांना दिवाळीची भेट काय न्यावी, ह्याचा विचार चालला असेल तर वाळूची ही जोडी शिवून पाहा. मी सध्या चौथी जोडी शिवते आहे. काकांचा निरोप आला आहे की पहिली आता जुनी झाली, आणि नवी शिवताना वरचे कापड पांढरे नको, हिरवे हवे; पांढऱ्यावर पेन्सिलीचे डाग दिसतात.